रक्तातील हमाल आणि पाच दिवसांची शिल्लक



चातुर्मासाचा उत्तरार्ध आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील दुकानांच्या गाद्यांवर सोयाबीन-उडदाच्या भावाबरोबर आणखी एक आकडा कानी पडू लागतो. कोणाचा नातू तापाने आडवा झालेला असतो, कोणाची सून दवाखान्यात असते, आणि चौकशीला आलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘‘प्लेटलेट किती?’’ काल नव्वद हजार, आज पन्नास हजार, उद्या काय? एरवी ताळेबंदातील पैचा फरक शांत चित्ताने शोधून काढणारी माणसे ह्या एका आकड्यापुढे हवालदिल होतात. मग कोणी सोलापूरला फोन लावतो, कोणी लातूरला, कोणी बार्शीला, आणि अपरात्री एखादी गाडी थंड पेटी घेऊन साठ-सत्तर किलोमीटरच्या वाटेला लागते. ती पेटी थंड असावी की नसावी, हेदेखील पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचा खुलासा पुढे येईलच.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि सारी नोकरी बँकेत गेली. परंतु निवृत्तीनंतर ह्या विषयावर जे वाचनात आले, त्यात साठा, वाहतूक, हमाली, मालाची मुदत अशा आपल्या रोजच्या व्यवहारातील गोष्टी मला इतक्या स्पष्ट दिसल्या की ह्या महिन्याचे सदर त्यासाठीच राखून ठेवले. प्लेटलेट शरीरात घडते कशी, ती घडवणारे अदृश्य हमाल कोण, आणि हे कळल्यावर आपल्या समाजाने काय करायला हवे, असा आजचा क्रम आहे.

साठ्याचा हिशेब

प्लेटलेटला मराठी ग्रंथांत बिंबाणू म्हणतात. आकार तबकडीसारखा, व्यास केवळ २ ते ३ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्तवाहिनीला कोठे छिद्र पडले की ह्या तबकड्या तेथे धावून जातात, एकमेकींना चिकटतात आणि गळती थांबवतात.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे लिटरच्या दहा लाखाव्या भागात, १.५ लाख ते ४.५ लाख प्लेटलेट असतात. मध्यम आकडा २.५ लाख धरू आणि अंगात ५ लिटर रक्त धरू. गुणाकार सव्वा लाख कोटी येतो. हे झाले फिरते चलन. ह्याखेरीज एकूण साठ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग प्लीहेत मुक्कामाला असतो; बँकेच्या भाषेत ती करन्सी चेस्ट म्हणावी.

आता मुदत पाहू. एका प्लेटलेटचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे. म्हणजे हा सारा साठा दर आठवडा-दीड आठवड्याला बाद होतो आणि नव्याने भरावा लागतो. त्यासाठी शरीराला रोज सुमारे १०,००० कोटी नव्या प्लेटलेट घडवाव्या लागतात. सेकंदाचा हिशेब केला तर अकरा लाखांहून अधिक. आपण हे वाक्य वाचून संपवेपर्यंत आपल्या हाडांत कितीतरी लाख प्लेटलेट तयार होऊन बाहेर पडलेल्या असतील.

मज्जेतील कारखाना

१८८२ मध्ये इटलीतील ट्युरिनचे वैद्यक संशोधक ज्युलिओ बिझ्झोझेरो ह्यांनी ह्या तबकड्यांचे नीट वर्णन केले आणि रक्तस्राव थांबवण्यातील त्यांचे काम ओळखले. त्या येतात कोठून, ह्याचे उत्तर मिळण्यास १९०६ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बोस्टनच्या जेम्स होमर राइट ह्यांनी दाखवले की अस्थिमज्जेतील एका अवाढव्य पेशीचे तुकडे म्हणजेच प्लेटलेट होत. त्या पेशीचे नाव मेगाकॅरिओसाइट, अर्थात मोठ्या केंद्रकाची पेशी.

ही पेशी विलक्षण आहे. इतर पेशी वाढल्या की दुभंगून दोन होतात. ही दुभंगत नाही, नुसती वाढत जाते. साध्या पेशीत गुणसूत्रांचे २ संच असतात. हिच्यात बहुधा १६ आणि कधी ६४ किंवा त्याहूनही अधिक. आकार ५० ते १०० मायक्रॉनपर्यंत पोहोचतो. पुरेसा माल जमल्यावर ती मज्जेतील बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीतून आपले लांब, निमुळते हात आत घालते. त्या हातांवर माळेतील मण्यांसारखे फुगवटे दिसतात. वाहत्या रक्ताच्या ओढीने ते हात तुटतात, तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि अखेर प्लेटलेट तयार होतात. एका मेगाकॅरिओसाइटपासून हजार ते काही हजार प्लेटलेट निघतात. शेवटी मागे उरते ते रिकामे केंद्रक, आणि मज्जेतील सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून टाकतात. दुकानातील सारा माल वाटून टाकून कुलूपही न लावता निघून जावे, तसा हा प्रकार आहे.

उत्पादन किती करावे, हे ठरवण्याची व्यवस्थाही पाहण्याजोगी आहे. यकृत थ्रॉम्बोपोएटिन नावाचे एक संप्रेरक जवळजवळ एकसारख्या प्रमाणात रक्तात सोडत राहते. रक्तातील प्लेटलेट ते शोषून घेतात. प्लेटलेट भरपूर असल्या की ते शोषले जाऊन मज्जेपर्यंत थोडेच पोहोचते; प्लेटलेट घटल्या की ते शिल्लक राहते आणि मज्जेला जाऊन उत्पादन वाढवते. साठा घटला की मागणीपत्र आपोआप निघते. हे संप्रेरक १९९४ मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागले.

रूळ आणि हमाल

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. प्लेटलेटला स्वतःचे केंद्रक नसते. नवा माल घडवण्याची तिची क्षमता नगण्य असते. रक्तस्राव थांबवण्यासाठी जी जी सामग्री लागते, ती तिच्या पिशवीत आधीच भरलेली असावी लागते. त्यात चिकटवणारी प्रथिने आहेत, इतर प्लेटलेटना हाक देणारी रसायने आहेत, कॅल्शियम आहे आणि ऊर्जेसाठी काही मायटोकॉन्ड्रियाही आहेत. मग मेगाकॅरिओसाइटच्या पोटातील हा माल त्या लांबलचक हाताच्या टोकापर्यंत कोण पोहोचवतो?

मालवाहतूक आपल्या जिल्ह्याला नवी नाही. आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात तगरहून कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या दूरच्या मुलखातून भडोच बंदरास जात असे, असा उल्लेख आहे. पुढे बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी येडशी-ढोकीवरून लातूरपर्यंत धावू लागली, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचा कापूस व धान्य तिच्या डब्यांतून गेले. रूळ, डबा आणि माल चढवणारा हमाल ह्या तीन गोष्टी ज्याला समजल्या, त्याला पेशीतील वाहतूक समजणे कठीण नाही.

पेशीतील रूळ म्हणजे सूक्ष्मनलिका. ह्या प्रथिनांच्या पोकळ नळ्या असून त्यांना दोन निश्चित टोके असतात. त्यांवरून चालणाऱ्या हमालांना मोटर प्रथिने म्हणतात. एका कुळाचे नाव डायनिन. १९६५ मध्ये इयन गिबन्स ह्यांनी ते नाव दिले. दुसरे कुळ कायनेसिन; ते १९८५ मध्ये रोनाल्ड व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केले. बहुतेक कायनेसिन नळीच्या एका टोकाकडे जातात, तर डायनिन उलट टोकाकडे. कायनेसिन दोन पायांच्या माणसासारखे पाऊल टाकत चालते. त्याचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाइतके, आणि प्रत्येक पावलाला एटीपी ह्या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. पाऊल तेथे रोकड, उधारी नाही!

मेगाकॅरिओसाइटच्या हातांत हे हमाल दोन निराळी कामे करतात. पहिले काम माल नेण्याचे. मालाच्या पिशव्या सूक्ष्मनलिकांवरून सरकताना दिसतात आणि त्यात कायनेसिनचा वाटा आहे. परंतु तेथील रूळ एकाच दिशेने घातलेले नसतात. काहींचे तोंड इकडे, काहींचे तिकडे. त्यामुळे पिशवी पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते, आणि हाताच्या टोकाशी असलेल्या फुगवट्यात शिरली की तेथे अडकून राहते. हा मार्ग संथ असला तरी माल मुक्कामी पोहोचतो.

दुसरे काम त्याहून आश्चर्याचे आहे. तो हात मुळात लांबतो कसा? सूक्ष्मनलिका टोकाशी वाढत असतील आणि त्या वाढीने हात पुढे ढकलला जात असेल, असे वाटणे स्वाभाविक होते. २००५ मध्ये बोस्टन येथील जोसेफ इटालियानो, जॉन हार्टविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध देऊन नळ्यांची वाढ थांबवून पाहिली. हात तरीही लांबत राहिले. डायनिनचे काम बिघडवले, तेव्हा मात्र हात घडणे अडले. उलगडा असा झाला की डायनिन येथे माल वाहत नाही, ते एका नळीला धरून शेजारच्या नळीवर सरकवते. रंगाऱ्याची सरकती शिडी जशी एकावर एक घसरून लांब होते, तसाच हा हात लांबतो. वेग सरासरी मिनिटाला एका मायक्रॉनहूनही कमी. ह्या कामात डायनिन हे हमाल राहत नाही, रूळ टाकणारी टोळी होते.

तिसरे कूळ मायोसिनचे. आपल्या स्नायूंची हालचाल ज्याच्यामुळे होते, त्याच्याच घरातील हे भावंड. मज्जेच्या आत, रक्तवाहिनीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पेशीने हात पसरून माल वाया घालवू नये, म्हणून एक प्रकारचे मायोसिन ब्रेकचे काम करते. ते बिघडले तर काय घडते, ते पुढे सांगतो.

प्लेटलेट रक्तात आल्यावरही मोटर प्रथिने तिला सोडत नाहीत. तबकडीच्या कडेने सूक्ष्मनलिकांचे एक वेटोळे असते, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते तसे. त्या वेटोळ्याचा आकार टिकवण्यात आणि जखमेच्या जागी तबकडीचा गोळा होताना ते वेटोळे आवळण्यात डायनिन व कायनेसिन ह्यांची ओढाताण महत्त्वाची ठरते, असे पुढील संशोधनातून दिसले.

एक गोष्ट येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. ह्यातील बरेच ज्ञान उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांतून आले आहे. अहिंसेचा संस्कार असलेल्या मनाला हे वाचताना टोचणी लागेल, आणि ती लागावीच. ज्ञानाची किंमत कोणीतरी चुकवली आहे, हे खात्यात लिहून ठेवले म्हणजे त्या ज्ञानाचा वापर जपून होतो.

मुंबईतील एक प्रयोगशाळा

मोटर प्रथिनांच्या अभ्यासातील एक महत्त्वाचे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रूप मल्लिक ह्यांनी ह्या हमालांची ताकद मोजली. पकडण्यासाठी त्यांनी प्रकाशाचा चिमटा वापरला. लेसरचा झोत एका सूक्ष्म मण्यावर धरला की तो मणी झोताच्या मध्याशी खेचला जातो. त्याला ओढून नेणारे प्रथिन किती जोर लावते, ते त्यावरून मोजता येते.

कायनेसिन एकटे बलवान असते. डायनिन एकटे त्याच्या तुलनेत बरेच दुबळे. तरीही पेशीतील जड ओझी डायनिन ओढते, हे कोडे होते. मल्लिक ह्यांनी अमेरिकेत असताना सहकाऱ्यांसह २००४ मध्ये दाखवले होते की ओझे नसताना डायनिन लांब पावले टाकते आणि ओझे वाढले की पाऊल आखडते, गाडीने चढावर गिअर बदलावा तसे. मुंबईतील त्यांच्या गटाने २०१३ मध्ये ह्याचा पुढचा अर्थ उलगडला. अनेक डायनिन मिळून ओझे ओढतात, तेव्हा पुढच्यावर भार अधिक येतो, म्हणून तो आपले पाऊल आखडतो; मागच्यांवर भार कमी, म्हणून ते लांब पावले टाकून त्याला गाठतात. सारे जवळ आले की भार वाटला जातो. कायनेसिनला अशी जूट जमत नाही. बाजार समितीत जड पेटी उचलणारी हमालांची टोळी ज्याने पाहिली आहे, त्याला हे पटण्यास वेळ लागणार नाही. मल्लिक ह्यांना २०१४ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पुढे ते पवईच्या आयआयटीत गेले.

त्यांच्याच गटाचे आणखी एक काम उपवास करणाऱ्या आपल्या वाचकांना रोचक वाटेल. उपवासात शरीरातील चरबी सुटून यकृतात जमा होते. ती सारी लगेच रक्तात गेली तर रक्तातील चरबी फार वाढेल. उंदरांच्या वर्गातील प्राण्यांच्या यकृतावरील अभ्यासात दिसले की जेवल्यानंतर इन्शुलिनच्या प्रभावाने चरबीच्या थेंबांवर कायनेसिन बसते आणि ते थेंब बाहेर पाठवण्याच्या जागी नेते. उपवासात इन्शुलिन घटते, कायनेसिन थेंबांवरून उतरते आणि चरबी यकृतातच थांबते. हमाल कामावर आला नाही म्हणून गोदामातला माल गोदामातच राहिला, आणि ह्या वेळी तेच हिताचे ठरले.

यंत्राने नाकारलेल्या नोटा

मायोसिनच्या बिघाडाकडे वळतो, कारण येथे ज्ञानाचा थेट उपयोग आहे. एमवायएच-९ नावाच्या जनुकात दोष असला की ते ब्रेक लावणारे मायोसिन नीट घडत नाही. परिणामी प्लेटलेट संख्येने कमी आणि आकाराने फार मोठ्या होतात. हा दोष घराण्यात चालत येतो. त्याचे जनुक २००० मध्ये ओळखले गेले. अशा काही व्यक्तींना पुढे ऐकू कमी येणे, मूत्रपिंडाचा विकार किंवा अकाली मोतीबिंदू होऊ शकतो.

अडचण मोजणीची आहे. प्रयोगशाळेतील यंत्र प्लेटलेट आकारावरून ओळखते. बँकेतील नोटा मोजणारे यंत्र ओळखीच्या मापाची नसलेली नोट बाजूला फेकते. तसे हे यंत्र मोठी प्लेटलेट पाहून तिला तांबडी पेशी समजते आणि प्लेटलेटच्या रकान्यातून वगळते. आकडा खऱ्याहूनही कमी छापून येतो. मग अशा माणसाला प्लेटलेट नष्ट करणारा निराळाच आजार आहे असे समजून स्टेरॉइड दिली जाण्याचा, क्वचित प्लीहा काढण्यापर्यंत वेळ येण्याचा धोका असतो. वैद्यकीय साहित्यात अशा घटना नोंदलेल्या आहेत.

दुसरी फसगत नळीतील. रक्त गोठू नये म्हणून नमुन्याच्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. काही व्यक्तींच्या प्लेटलेट त्यातच एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात, आणि यंत्र गठ्ठ्याला एक समजते किंवा मोजतच नाही. माणूस ठणठणीत, आणि अहवाल घाबरवणारा!

दोन्हींवर उपाय जुना आणि स्वस्त आहे. काचपट्टीवर रक्ताचा लेप घेऊन तज्ज्ञ डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून तो स्वतः पाहणे. गठ्ठ्यांची शंका असल्यास सायट्रेटच्या नळीत नमुना पुन्हा घेतात. ताप नाही, रक्तस्राव नाही, परंतु प्रत्येक तपासणीत आकडा कमीच येतो, आणि वडिलांचा किंवा भावंडांचाही तसाच येतो, असे ज्या घरात असेल त्यांनी डॉक्टरांना इतकेच विचारावे, ‘‘काचपट्टी पाहिली का?’’ आनुवंशिक रक्तस्रावाच्या विकारांची सखोल तपासणी लागली, तर मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली.

डेंग्यूतील आकडा

डेंग्यूत प्लेटलेट घटतात, कारण विषाणू मज्जेतील उत्पादन मंदावतो आणि रक्तातील प्लेटलेटही अधिक नष्ट होतात. ही घसरण बहुधा तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत दिसते, कित्येकदा ताप उतरल्यावर. त्यानंतर मज्जा पुन्हा कामाला लागते आणि बहुसंख्य रुग्णांत आकडा आपोआप चढतो. ज्या कारखान्याचे वर्णन आपण वर वाचले, तो बंद पडलेला नसतो, काही दिवस मंदावलेला असतो.

ह्या काळात खरा धोका पुष्कळदा आकड्यात नसतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होणे, रक्तदाब घटणे, पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त, हातपाय गार पडणे, मूल सुस्त होणे ही लक्षणे अधिक गंभीर. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट देण्याचा विचार साधारणतः आकडा १०,००० च्या खाली गेल्यावर होतो. रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर त्याआधीही देतात. चाळीस हजारांवर नातेवाइकांनी ‘‘चढवाच’’ असा आग्रह धरला तर रुग्णाचा लाभ होत नाही, आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्या वाट्याची पिशवी संपते. त्याच पिशवीची वाट कर्करोगाच्या उपचारांनी मज्जा थकलेला बार्शीच्या रुग्णालयातील एखादा रुग्णही पाहत असू शकतो.

आणखी एक. ताप असताना घरातील ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या मनाने देऊ नयेत. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ॲस्पिरिनने निकामी केलेले विकर ती पुन्हा घडवू शकत नाही. ती मरेपर्यंत अधूच राहते. हृदयासाठी ज्यांना ॲस्पिरिन चालू आहे, त्यांनी मात्र ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

पाच दिवसांची शिल्लक

रक्तपेढीला आता कायद्याने ‘रक्तकेंद्र’ म्हणतात. पण पेढी हा शब्द आपल्या कानाला अधिक जवळचा. ह्या पेढीत तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट मात्र थंडीत ठेवत नाहीत. त्या २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या तबकावर ठेवाव्या लागतात आणि त्यांची मुदत केवळ ५ दिवसांची असते. बर्फाच्या पेटीत प्लेटलेटची पिशवी आणू नये, हा आरंभी कबूल केलेला खुलासा.

आता आपल्या शिबिरांकडे पाहू. भगवान महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने चैत्रात आपण उत्साहाने रक्तदान शिबिरे भरवतो. त्या दिवशीच्या प्लेटलेट पाच दिवसांत संपतात किंवा वाया जातात. मागणी येते श्रावणापासून कार्तिकापर्यंत. त्याच काळात पर्युषण, दशलक्षण आणि अन्य तपांमुळे आपल्याकडील पुष्कळ मंडळी उपवासात असतात, आणि उपाशीपोटी रक्तदान करू नये असाच वैद्यकीय नियम आहे. म्हणजे ज्या महिन्यांत गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच महिन्यांत आपले दाते सर्वांत कमी उपलब्ध. तप आणि दान ह्यांत विरोध नाही. वेळापत्रक मात्र आधी आखावे लागेल.

दुसरी बाब. साध्या रक्तदानातून प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर ते काम संकलनानंतर काही तासांतच व्हावे लागते आणि त्यासाठी रक्तघटक वेगळे करण्याची यंत्रणा व परवाना लागतो. शिबिर घेणाऱ्यांनी रक्तकेंद्राला आधीच विचारावे की आमचे रक्त घटकांत विभागले जाणार आहे काय. एका साध्या पिशवीतील प्लेटलेटने प्रौढ रुग्णाचा आकडा साधारण ५ ते १० हजारांनी वाढतो. यंत्राद्वारे एकाच दात्याकडून केवळ प्लेटलेट घेतल्या तर तो ३० ते ६० हजारांनी वाढू शकतो. ह्या पद्धतीत दीड-दोन तास लागतात. तांबड्या पेशी दात्याला परत मिळतात, आणि दिलेल्या प्लेटलेट मज्जा काही दिवसांत भरून काढते. दाता १८ ते ६० वर्षांचा, ५० किलोहून अधिक वजनाचा, १.५ लाखांहून अधिक प्लेटलेट असलेला आणि आदल्या ३ दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेला हवा. दोन दानांत किमान ४८ तासांचे अंतर आणि वर्षात २४ ही कमाल मर्यादा आहे.

हिशेब करून पाहिला. वर्षाचे ५२ आठवडे. जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच्या साधारण १७ आठवड्यांना प्रत्येकी दोन दाते, म्हणजे ३४. उरलेल्या ३५ आठवड्यांना प्रत्येकी एक, म्हणजे ३५. एकूण ६९ नावे. धाराशिव, भूम, परंडा, कळंब, तुळजापूर, उमरगा ह्या गावांतील आपली घरे धरली तर ही संख्या अवघड नाही. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून एक आठवडा येतो, आणि त्या आठवड्यात हाक आली तरच जायचे. ज्यांना पर्युषणात उपवास करायचे आहेत त्यांनी हिवाळ्यातील आठवडा घ्यावा. जे तप करत नाहीत अशा तरुणांनी भाद्रपद घ्यावा. यादी रक्तगटानुसार लावावी, फोन क्रमांकांची वही संघाच्या एका जबाबदार व्यक्तीकडे असावी, आणि यंत्राद्वारे प्लेटलेट घेण्याची सोय जवळ कोठे आहे ह्याची चौकशी दिवाळीपूर्वीच करून ठेवावी. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. पहिली चौकशी तेथूनच सुरू करता येईल.

जपानमधील क्योटो विद्यापीठात कोजी एतो ह्यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की पात्रातील द्रवाला योग्य प्रकारे घुसळले तर शरीराबाहेरही मेगाकॅरिओसाइटपासून प्लेटलेट मोठ्या संख्येने मिळवता येतात. डायनिन-कायनेसिनचे काम जितके नीट कळेल, तितका तो मार्ग सुकर होईल. परंतु आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तो माल पोहोचण्यास वेळ आहे. तोवर प्लेटलेट बनवणारा कारखाना माणसाच्या हाडांतच आहे, आणि तेथून ती मिळवण्यासाठी कोणीतरी आपला हात पुढे करावा लागतो.

माझे वय ह्या यादीत बसत नाही; वही सांभाळण्याच्या कामात मात्र बसते. ज्या गावात अशी यादी तयार होईल, तेथील कार्यकर्त्यांनी तिची पद्धत ह्या मासिकाकडे लिहून पाठवावी, म्हणजे दुसऱ्या गावाला ती नव्याने आखावी लागणार नाही.